माखली पाळायची आहे? आधी तिचं जेवण पाळून दाखवा

(ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचा आहे, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'आपलं ते' काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी बोलतोय प्रतापगडहून. ऑफिसच्या कॉलवर प्रतापगड म्हटलं की पुण्याचे लोक लगेच अफझलखान काढतात. तो साताऱ्याकडचा. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमच्याकडे महादेवाचं देवस्थान आहे, दर्गा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. ही जत्रा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आजचा विषय तुम्हाला विचित्र वाटेल. समुद्रापासून इतक्या लांब बसून मी कटलफिशबद्दल बोलणार आहे. इथून सरळ रेषेत मोजलं तर मुंबईचा समुद्र पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आणि विशाखापट्टणमचा साधारण पाचशे. म्हणजे अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आम्हाला जवळ. पण जवळ म्हणजे तरी पाचशे किलोमीटर!

हे खूळ आलं कुठून

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. वय वर्षे ९. माझ्याच मोबाईलवर त्याने एक रील पाहिली. काचेच्या टाकीत एक बोटभर प्राणी, अंगावर पट्टे झरझर पळतायत आणि समोर सोडलेला झिंगा त्याने पापणी लवायच्या आत ओढून घेतला. भाचा म्हणाला, "मामा, आपून आणू ना एक?"

मी इंजिनीअर माणूस. 'नाही' म्हणायच्या आधी मला हिशोब करावा लागतो. म्हटलं, आधी बघू काय काय लागतं. मग आम्ही दोघांनी एक करार केला. ६० दिवस रिकामी टाकी चालवायची. प्राणी नाही, फक्त त्याचं पाणी आणि त्याचं जेवण. साठही दिवस नीट गेले तर पुढचं बोलायचं. भाचा परत गावी गेला, पण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आकडे विचारून आपल्या वहीत लिहायचा.

त्या ६० दिवसांचं काय झालं ते सांगतोच. आधी पाहुण्यांची ओळख.

माखली म्हणजे कोण

कटलफिशला मराठीत माखली म्हणतात. स्क्विड म्हणजे माकूल. कोकणातल्या बाजारात माकूळ हा शब्द दोघांसाठीही ऐकू येतो, त्यामुळे घोळ होतो. नावात फिश असलं तरी हा मासा नाही. गोगलगाय आणि शिंपले ज्या कुळातले, त्याच मृदुकाय कुळातला हा प्राणी. ऑक्टोपस याचा चुलतभाऊ. आठ हात, शिवाय शिकारीसाठी लपवून ठेवलेल्या दोन लांब सोंडा. हृदयं तीन. रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोह जे काम करतं ते यांच्या रक्तात तांबं करतं.

तुम्ही माखली कधी पाहिली नसेल, पण तिचा एक भाग नक्की पाहिला असेल. पोपटाच्या पिंजऱ्याला एक पांढरा, हलका, लांबट तुकडा अडकवतात ना? पोपट त्यावर चोच घासतो. तो माखलीच्या पाठीतला कवचाचा भाग. आयुर्वेदिक दुकानात हाच समुद्रफेन म्हणून मिळतो. खरं तर तो फेस नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक बारीक कप्प्यांचा तो तराफा आहे. कप्प्यांतलं पाणी आणि हवेचं प्रमाण बदलून माखली पाण्यात वर-खाली तरंगते. आमच्या आजीच्या औषधाच्या डब्यात हा तुकडा वर्षानुवर्षं होता आणि तो कोणत्या प्राण्याचा हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

डोक्याने ही जमात हुशार. २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा माखल्यांना दोन पर्याय दिले होते: कमी आवडीचा मेलेला झिंगा लगेच, किंवा आवडीचा जिवंत झिंगा थोडं थांबल्यावर. त्या थांबल्या. काही जणी तर दोन मिनिटांपर्यंत थांबल्या. जिवंत आणि मेलेल्या खाण्यातला फरक त्यांना चांगला कळतो. हा मुद्दा मनात ठेवा, कारण पाळणाऱ्याची सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

कोणती माखली घरात मावते?

भारताच्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडणारी मोठी जात म्हणजे सेपिया फॅराओनिस, फॅरो माखली. तिचं नुसतं धड ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि वजन काही किलो भरतं. ती हॉलमधल्या टाकीत ठेवणं म्हणजे म्हैस बाल्कनीत बांधणं. जगभरात हौशी लोक पाळतात ती बहुतेक बुटकी माखली, सेपिया बँडेन्सिस. ही इंडोनेशिया-फिलिपिन्सकडची, धड सात-आठ सेंटिमीटरचं. तिच्यासाठीसुद्धा एका जिवाला शंभर-सव्वाशे लिटरची टाकी धरतात.

भारतात हे काम खरोखर झालंय ते संशोधन केंद्रांत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळमधल्या विळिंजम केंद्रात फॅरो माखली अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत बंदिस्त पाण्यात वाढवली गेली. त्यावरचा शोधनिबंध २००५ साली आला. तमिळनाडूत तुतिकोरीनलाही असे प्रयोग झाले. पण ही दोन्ही ठिकाणं किनाऱ्यावरची. समुद्राचं पाणी दाराशी, आणि पिल्लांना लागणारं जिवंत खाणंही तिथल्याच पाण्यातलं. आपल्याला दोन्ही गोष्टी हाताने तयार करायच्या आहेत.

पाणी: पहिली परीक्षा

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझी टाकी १२० लिटरची. म्हणजे भरतानाच चार किलोच्या वर मीठ. आणि हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराईडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मरीन सॉल्ट म्हणून वेगळं पाकीट मिळतं. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर २४ लिटर, म्हणजे ८४० ग्रॅम मीठ. महिन्याला साडेतीन किलोच्या आसपास. पहिलं पाकीट घरी आलं तेव्हा आई म्हणाली, "खारं पानी कायले जमा करून रायला बापा, लोनचं घालतं का?"

विहिरीचं किंवा नळाचं पाणी थेट चालत नाही. आरओच्या पुढे अजून एक डीआयोनायझर लावून टीडीएस शून्याजवळ आणायचा, मग त्यात मीठ. तांबं तर अजिबात नको. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. माशाला ते सोसतं, माखलीला सोसत नाही. जुन्या टाकीत कधी असं औषध घातलं असेल तर ती टाकी या कामासाठी बाद समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अमोनिया. माखली दिवसभर मांस खाते आणि तेवढीच घाण करते. ती घाण म्हणजे अमोनिया, म्हणजे विष. टाकीतल्या वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू जिवाणूंची वस्ती वाढते. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. याला शॉर्टकट नाही. सर्व्हर चालू केला आणि लगेच ट्रॅफिक सोडला, असं इथे जमत नाही.

मी नोव्हेंबरच्या मध्याला टाकी भरली आणि जिवाणूंना खायला एक झिंगा आत टाकून दिला. तो सडला, अमोनिया चढला, मग नायट्राइट चढला. रोज टेस्ट किटमध्ये थेंब टाकून रंग बघायचा. ३४ व्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. भाच्याने वहीत त्या दिवसाभोवती गोल केला.

माखलीच्या टाकीत प्रोटीन स्किमर पण हवा. हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडून बाहेर काढतं. माखली घाबरली की शाई सोडते. एवढ्याशा टाकीत ती शाई तिच्याच कल्ल्यांना त्रास देते. अशा वेळी स्किमर, ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि लगेच बदलायला तयार ठेवलेलं पाणी, या तिन्ही गोष्टी हाताशी लागतात.

तापमान २४ ते २७ अंश. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणजे चिलर किंवा चोवीस तास एसीची खोली. आणि एक गंमत बघा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, खाऱ्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की अजून कमी. म्हणजे हवेचा पंप बंद पडला तर गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा हिच्याकडे वेळ थोडा असतो.

जेवण: खरी परीक्षा इथे आहे

रीलमध्ये दिसते ती वाढलेली माखली. काडीला लावलेला झिंग्याचा तुकडा ती खाते, बघायला मजा येते. रीलमध्ये न दिसणारा भाग म्हणजे पहिले दोन महिने.

अंड्यातून निघालेलं पिल्लू मुगाच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं असतं. पण ते दिसायला पूर्ण माखलीच असतं, मधली अळीची अवस्था नसते. पहिले एक-दोन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, त्यामुळे खाल्लं नाही तर घाबरायचं नाही. त्यानंतर मात्र त्याला जिवंत आणि हलणारं खाणं लागतं. मेलेला तुकडा त्याच्यासाठी दगडासारखाच. हललं तरच ते जेवण.

या वयाला सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे मायसिड. जवळा माहीत आहे ना, सुकटीतला? मायसिड तसाच दिसतो, पण अजून बारीक, आणि जिवंत हवा. एका पिल्लाला दिवसाला पाच-सहा तरी धरा. आता हिशोब करा. पाच पिल्लं गुणिले सहा, म्हणजे दिवसाला ३०. साठ दिवसांचे १,८००. तेही जिवंत, रोज, सणवार न बघता.

मायसिड आपल्याकडे दुकानात वजनावर मिळत नाहीत. म्हणजे त्यांची वेगळी टाकी. मायसिड काय खातात? आर्टेमियाची पिल्लं, दिवसातून दोनदा. उपाशी राहिले तर एकमेकांना खातात. म्हणजे आर्टेमियाची वेगळी बाटली. आर्टेमियाची वाळलेली अंडी डब्यात मिळतात. खाऱ्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, हवा आणि उजेड दिला की साधारण २४ तासांत पिल्लं निघतात.

मग सरळ आर्टेमियाच माखलीला का घालू नये? मलाही हेच वाटलं होतं. घालता येतं, पण थोडे दिवस. नुकत्याच निघालेल्या आर्टेमियात पिल्लाच्या वाढीला लागणारी चरबीची आम्लं पुरेशी नसतात. पिल्लू खात राहतं, पोट भरलेलं दिसतं, आणि मग वाढ थांबते. मुलाला नुसत्या कुरमुऱ्यांवर ठेवल्यासारखं. आर्टेमिया मोठा करून, त्याला शैवाल किंवा माशाच्या तेलाचं खाद्य देऊन मग वापरला तर जरा बरं. तरीही तो आधार, मुख्य जेवण नाही.

म्हणजे साखळी अशी झाली: शैवाल, त्यावर आर्टेमिया, त्यावर मायसिड, त्यावर माखली. आमच्या कामात याला डिपेंडन्सी म्हणतात. खालचं एक पॅकेज तुटलं की वरचं सगळं पडतं. फरक इतकाच की आमच्याकडे रोलबॅक असतो.

ती खाते कशी, आणि आपण घालायचं कसं

शिकार दिसली की माखली आधी तिच्याकडे तोंड वळवते. रंग बदलतो, पुढचे दोन हात वर उचलले जातात. मग ती हळूहळू अंतर जुळवते. २०२० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माखल्यांना चक्क थ्रीडी चष्मे लावून पडद्यावरचे झिंगे दाखवले. तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवून त्या अंतर मोजतात. अंतर जुळलं की दोन सोंडा सुटतात आणि शिकार आत. बसल्या जागी इतके वेश बदलणाऱ्या या प्राण्याला बहुधा रंग दिसत नाहीत, हे ऐकून भाच्याने मला खोटारडं ठरवलं होतं.

पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी:

पिल्लांना मोठ्या टाकीत मोकळं सोडू नका. जाळीच्या छोट्या डब्यात, त्याच पाण्यात तरंगतं ठेवा. जागा लहान असली की शिकार शोधायला लागत नाही आणि कोण खातंय, कोण नाही हे तुम्हाला दिसतं.

भुकेली भावंडं एकमेकांना चावतात. एकाच वयाची, एकाच आकाराची एकत्र ठेवा आणि खाणं कमी पडू देऊ नका.

दीड-दोन महिन्यांनी मेलेल्या खाण्याची सवय लावता येते. वितळवलेला झिंगा पातळ काडीच्या टोकाला लावून तिच्यासमोर जिवंत असल्यासारखा हलवायचा. पहिले काही दिवस ती बघेल आणि निघून जाईल. एक वेळ जिवंत, एक वेळ काडी, असं करत न्यायचं. उरलेला तुकडा तासाभरात बाहेर काढायचा, नाहीतर अमोनिया.

खोलीचा दिवा एकदम लावू नका. दचकली की ती मागच्या मागे पिचकारीसारखी सुटते आणि शेपटाकडचा भाग काचेवर आपटतो. तिथे जखम होते, ती चिघळली की वाचवणं अवघड. टाकीच्या तीन बाजू झाकून घ्या.

आमच्या बोडीतले झिंगे चालतील का?

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता. आमचा भाग तलावांचा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेताशेतात बोड्या. बारीक झिंगे पावसाळ्यानंतर भरपूर. ढिवर बांधवांकडून जिवंत मिळतात. मला वाटलं, प्रश्न सुटला.

वाढलेल्या माखलीला गोड्या पाण्यातला झिंगा देतात, अगदीच नाही असं नाही. खाऱ्या पाण्यात तो जास्त वेळ जगत नाही, पण हलतो तोवर ती त्याला पकडते. पोषणात मात्र तो समुद्रातल्या झिंग्याच्या मागे. रोजचं जेवण म्हणून नको.

आणि दुसरी अडचण आमचीच. हा धानाचा जिल्हा. धानावर कीटकनाशक मारतो, कडा करपा आला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड मारतो. बांधीतलं पाणी शेवटी बोडीत. कीटकनाशक किड्यासाठी बनलेलं, आणि झिंगा किड्याचाच लांबचा नातेवाईक. त्या झिंग्याच्या अंगात काय काय आहे ते मला दिसत नाही. आणि तांब्याचं तर मघाशी सांगितलंच. बाबांना विचारलं, यंदा बोडीच्या वरच्या बांधीत काय काय मारलं? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर गेले. मी वहीत बोडीच्या झिंग्यांपुढे फुली मारली.

साठ दिवसांची परीक्षा

डिसेंबरच्या शेवटी पाणी तयार झालं आणि जेवणाची परीक्षा सुरू केली. मायसिड मिळालेच नाहीत, म्हणून ठरवलं, निदान आर्टेमियाची साखळी तरी साठ दिवस सांभाळून दाखवू. ज्याला खालची पायरी जमत नाही त्याला वरची काय जमणार?

पहिल्या तीन बॅच वाया गेल्या. जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते. बाटली खिडकीत होती, पाणी गार पडायचं, अंडी तशीच. चौथ्या वेळी बाटली थर्माकोलच्या डब्यात, आत छोटा बल्ब. सकाळी बघतो तर नारिंगी ढग तरंगतोय. व्हिडिओ कॉलवर भाचा ओरडला. मग मात्र लय लागली. रोज सकाळी एक बाटली लावायची, एक काढायची, मोठ्या आर्टेमियाला शैवाल, संध्याकाळी अमोनिया तपासायचा. स्टँडअप मीटिंगच्या आधी वीस मिनिटं, जेवणानंतर वीस मिनिटं. ४७ दिवस एकही चुकला नाही.

४८ व्या दिवशी महाशिवरात्री. जत्रा म्हणजे आमच्याकडे घर पाहुण्यांनी भरलेलं. ओसरीत माणसं, माडीवर माणसं, माझ्या खोलीत माणसं. मी रात्री उशिरापर्यंत गडावर. सकाळी खोलीत आलो तर आधी वास आला. मग लक्षात आलं की पंपाचा आवाज नाही. बोर्डात पंपाच्या जागी कोणाचा तरी मोबाईलचा चार्जर होता.

कोणाला काय बोलणार? पाहुण्याला काय माहीत त्या प्लगवर कोण जगतंय. चूक माझी. आठ-दहा माणसं त्या खोलीत झोपणार हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. बोर्डावर चिठ्ठी लावली नाही, पंप इन्व्हर्टरच्या बंद खोक्यातून घेतला नाही, बॅटरीवरचा जोडपंप पाचशे-सातशे रुपयांत येतो तो घेतला नाही. लाईट जाईल याची तयारी केली होती. माणसं येतील याची केली नव्हती.

आर्टेमिया सगळे तळाला. मेलेल्या जिवांचं ते पाणी मीच घाईघाईत काढताना थोडं मोठ्या टाकीत सांडलं, आणि संध्याकाळी तिथेही अमोनियाचा रंग हिरवा आला. आत माखली असती तर त्या रात्री ती गेली असती.

भाच्याला सांगणं मला जड गेलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं झालं मामा, आपून आणली नव्हती."

अंडं, मोठी माखली आणि एक वर्ष

समजा तुमची परीक्षा पास झाली. मग काय आणायचं? जाळ्यातली मोठी माखली कधीच नाही. प्रवासात पिशवीतच शाई सोडते आणि त्याच पाण्यात गुदमरते. वाचली तरी तिचं किती आयुष्य उरलंय हे कळत नाही. बंदिस्त पाण्यात वाढवलेल्या माखल्यांची अंडी, हा त्यातल्या त्यात रास्त मार्ग. कोमट पाण्यात दोन ते चार आठवड्यांत पिल्लं निघतात. समुद्रातून अंड्यांचे घड उपटून आणणाऱ्याकडून घेऊ नका. माखल्या अंडी घालायला एका जागी जमतात, आणि त्याच वेळी त्यांना धरणं सगळ्यात सोपं असतं. कर्नाटकच्या किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या समुद्रात बुडवून, अंडी घालायला आलेल्या माखल्या गळाने पकडण्यावरून मच्छीमारांमध्येच भांडणं झालीत. आपल्या हौसेने त्यात भर नको.

आणि शेवटची गोष्ट, जी लहान मुलांना आधी सांगायला हवी. बुटकी माखली साधारण एक वर्ष जगते. मादी अंडी घालते, मग खाणं कमी होतं, कातडीवर पांढरे चट्टे येतात, डोळे धुरकट होतात. तुमचं काही चुकलेलं नसतं. तिचं आयुष्यच तेवढं. त्या वर्षात ती तुम्हाला ओळखायला लागते, जेवणाच्या वेळी काचेशी येऊन थांबते असं पाळणारे सांगतात. साठ दिवस जेवण पिकवा, दोन महिने पिल्लू वाढवा, आणि मग उरलेले आठ-नऊ महिने सोबत. हा सौदा मान्य असेल तरच पुढे जा.

तर मग, आणायची की नाही?

मला मेसेज करणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात, भाऊ, टाकी कुठली घेऊ, फिल्टर कुठला घेऊ. माझं उत्तर आता एकच आहे. टाकी घ्यायच्या आधी पाचशे रुपयांत एक बाटली, एक हवेचा पंप आणि आर्टेमियाची अंडी घ्या. साठ दिवस चालवा. मधे एखादं लग्न येऊ द्या, परीक्षा येऊ द्या, ताप येऊ द्या. घरच्या कोणाला तरी शिकवून दोन दिवस बाहेरगावी जा. परत आल्यावर बाटलीत नारिंगी ढग असेल तर तुम्ही माखलीचा विचार करू शकता. नसेल तर नुकसान पाचशे रुपयांचं, जिवाचं नाही.

आम्ही दोघांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली आहे. आज २३ वा दिवस. पंप आता इन्व्हर्टरवर आहे, शेजारी बॅटरीचा जोडपंप आहे, आणि बोर्डावर आईने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे: "हा प्लग कोनी काढू नये." खाली भाच्याने माखलीचं चित्र काढून पाठवलंय, तेही चिकटवलंय. यावेळी साठ भरले तरी उन्हाळा समोर आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी काही आणायचं नाही हे ठरलंय.

तुमच्या बाटलीचं काय होतं ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. फसलं तरी सांगा, फसलेलं जास्त शिकवतं. पुढच्या भागात भेटू. तोवर, घरात कोणाचा पंप चालू असेल तर चार्जर दुसऱ्या बोर्डाला लावा!